चाळीसला एक कमी

शालनवन्सं गेल्याचं कळलं तशी मुंबईहून पुतणेमंडळी गाडी करून निघाली आणि दुपार कलायच्या आत रत्नागिरीत पोचली. घर माणसांनी भरलं. कोण रडत होतं, कोण चहाचं बघत होतं, कोण उगीचच पंख्याचा वेग कमी-जास्त करत होतं. सगळं आटोपून माणसं परत आली, अंघोळी झाल्या, आणि माझ्या चुलतदिरांचा मुलगा माझ्याशेजारी येऊन हळूच म्हणाला, "काकू, वायफायचा पासवर्ड काय हो? ऑफिसात कळवायचंय जरा." प्रश्न साधा होता आणि त्याचं काही चुकलंही नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं… आणि आवाजच फुटेना. सकाळपासून मी रडले नव्हते. लोकांनी मला 'धीराची' वगैरे म्हणून झालं होतं. त्या पासवर्डानं मात्र माझी पार दाणादाण उडवली.

कारण आमच्या घरी या प्रश्नाचं उत्तर द्यायचा मान एकाच माणसाचा होता. कोणी पाहुणा पासवर्ड विचारायचा अवकाश, वन्सं कुठल्याही खोलीत असोत, चष्मा नीट करत बाहेर यायच्या, उंबऱ्यात उभ्या राहायच्या आणि वर्गात सांगावं तसं सांगायच्या, "लिहून घ्या. सात कोटी, एकोणचाळीस लाख, एकोणचाळीस हजार, एकशे तेहतीस." ऐकणारा गोंधळून म्हणायचा, "आत्या, एकेक आकडा सांग ना." त्यावर ठरलेलं उत्तर असायचं, "फोन नंबर आहे का तो? संख्या आहे. संख्या सबंध सांगायची असते." मग पाहुणा टाइप करायचा, आणि दहांतल्या आठांचा पहिल्या खेपेला चुकायचा. का चुकायचा ते पुढे येईलच. त्या दिवशी माझी अवस्था बघून माझ्या मुलानं, अमेयनं, त्या पुतण्याचा मोबाइल हातात घेतला आणि काही न बोलता जोडून दिला.

शालनवन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. जन्मभर गणित शिकवलं त्यांनी, आधी लांज्याला आणि नंतर रत्नागिरीत. मी कराडची. लग्न होऊन इथे आले तेव्हा इकडच्या बोलण्याचा तो लांबवलेला हेल ऐकून मला वाटायचं, ही माणसं सारखी काही तरी विचारतायत आणि मी उत्तर देत नाहीये. त्यातून घरात बिनलग्नाची नणंद, तीही मास्तरीण, तीही गणिताची! माझ्या आईनं पाठवणीच्या वेळी जे डोळे पुसले त्यातले निम्मे वन्संच्या धास्तीनं होते. प्रत्यक्षात बाई निघाली भलतीच. पहिल्याच आठवड्यात मी धीर करून विचारलं, "तुम्ही लग्न का नाही केलंत?" वन्सं नारळ खवत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "अगो, मूळ संख्या ठाऊक आहे ना? जिला एकाचा आणि तिचा स्वतःचाच भाग जातो, दुसऱ्या कुणाचा जात नाय. तशी आहे मी. बघून गेले दोघं-तिघं. बाकी उरली." आणि स्वतःच खो खो हसल्या. मी गणितात काठावर पास झालेली, पण मूळ संख्या म्हणजे काय ते त्या दिवसापासून विसरले नाही.

ती आठ आकडी संख्या घरात आली एका आंब्याच्या दिवसांत. शिक्षकांच्या कुठल्याशा शिबिरात त्यांना कोणी तरी ती सांगितली होती, आणि सांगितलेलं ऐकून घेईल ती बाई आमची नव्हे. आमची चार कलमं आहेत. त्या दिवसांत पडवीत पाय ठेवायला जागा नसते. आंबे उतरवायचे, निवडायचे, पेंढ्यात घालायचे, खोके बांधायचे, वर पाहुण्यांची रीघ. आणि वन्सं खुशाल माजघराच्या खिडकीत बसून जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर भागाकार करतायत! संख्या मूळ आहे का हे बघायला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग देऊन बघावा लागतो म्हणे. म्हणजे आठ हजार सहाशेच्या आतल्या झाडून सगळ्या. मी रसाच्या हातांनी जाऊन विचारलं, "हे कधी संपणार?" तर म्हणाल्या, "आंबे संपायच्या आधी." माझा संताप झाला होता, खोटं का सांगू. पण त्यांनी आंबे संपायच्या आधी संपवलं, हेही खरं.

संपवलं त्या दिवशी त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. आमच्या स्वयंपाकघरात, मागीलदाराशेजारी, एक लहानसा लाकडी फळा टांगलेला असतो. सिलिंडर कधी लागला, कोणाकडे किती खोके द्यायचे, असलं त्यावर लिहायचं. वन्संनी तो पुसला आणि वरून मोठ्या अक्षरांत लिहिलं : ७३९३९१३३. "ही मूळ," त्या म्हणाल्या. मग ओल्या बोटानं शेवटचा तीन पुसला. ७३९३९१३. "ही पण मूळ." आणखी एक तीन पुसला. ७३९३९१. "ही पण." मग एक गेला, नऊ गेला, तीन गेला, प्रत्येक वेळी त्या माझ्याकडे बघून मान हलवत होत्या. ७३९. मूळ. ७३. मूळ. शेवटी फळ्यावर एकटा सात उरला. "हा तर मूळच," त्या म्हणाल्या. "मागून कितीही पुसत ये, उरतं ते मूळच उरतं. आणि पुढे वाढवायला जाशील तर कुठलाही अंक जोड, मूळ राहत नाय. असल्या जातीची ही सगळ्यात मोठी. हिच्यापुढे रस्ता नाय." मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "आणि पुढून पुसलं तर?" त्यांना हा प्रश्न फार आवडला. "सातशे एकोणचाळीस लिही. सात पूस. उरले किती? एकोणचाळीस. तेर त्रिक एकोणचाळीस! फुटली की नाय लगेच? पुढच्या सातला हात लावायचा नाय गो."

आता माझा पराक्रम सांगते. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या एक बाई यायच्या होत्या आणि वन्संना ती संख्या फळ्यावर ठसठशीत हवी होती. त्या पडवीत आंबे निवडत होत्या, तिथूनच ओरडून सांगितलं, "रंजना, लिही गो! सात कोटी, एकोणचाळीस लाख, एकोणचाळीस हजार, एकशे तेहतीस!" मी लिहिलं. त्या हात पुसत आल्या, फळ्याकडे बघितलं आणि मटकन खाली पाटावर बसल्या. मला वाटलं, चक्कर आली. बघते तर बाई हसतायत. आवाज नाही, नुसतं अंग हलतंय आणि डोळ्यांतून पाणी. मी लिहिलं होतं ७,४९,४९,१३३. मराठी शाळेतल्या प्रत्येक पोरानं कधी ना कधी केलेली चूक. 'एकोणचाळीस' म्हणताना तोंडात चाळीस येतं आणि हात चार लिहून मोकळा होतो. "अगो," त्या कशाबशा म्हणाल्या, "मी महिनाभर घाम गाळला, हिला कोणाचा भाग जात नाय म्हणून. आणि तू चहूकडून सात घुसवलेस! सातात सात, सात साते एकोणपन्नास, परत सात साते एकोणपन्नास, आणि एकशे तेहतीस म्हणजे एकोणीस साते. कुठूनही ये, सातानं भाग जातोय! चुकायचं म्हणून कोणी चुकलं तरी इतकं देखणं चुकता यायचं नाय." मग डोळे पुसून, लहान मुलाला सांगावं तसं त्यांनी मला सांगितलं, "एकोण म्हणजे एक ऊन. एक कमी. चाळीसला एक कमी. चाळीस अजून यायचेत, त्यांना आधीच घरात घ्यायचं नाय."

तेव्हापासून 'एकोणचाळीस' हा आमच्या घरातला शब्द झाला. चहात मीठ पडलं, एकोणचाळीस झाला. ह्यांनी उलटा शर्ट घातला, एकोणचाळीस झाला. अमेय शाळेतून भलत्याच मुलाचा डबा घेऊन आला तेव्हा तर वन्संनी त्याला उंबऱ्यातच ओवाळलं होतं, "या, एकोणचाळीस महाराज." पुढे हे गेले, अमेय पुण्याला नोकरीला लागला, आणि घरात आम्ही दोघी उरलो. नणंद-भावजया एका घरात म्हटल्यावर लोकांना जे वाटतं ते आमच्याबद्दलही वाटत असणार. भांडायचोही आम्ही. मी आमटीत गूळ जास्त घालते यावरून त्या शेवटपर्यंत बोलल्या. पण संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर जाऊन बसायचं ते दोघींनीच. त्या लाटा मोजायच्या आणि मी त्यांना ओरडायची.

टाळेबंदीत अमेय घरून काम करायला इथे आला तेव्हा वायफाय आलं. जोडणाऱ्यानं विचारलं, पासवर्ड काय ठेवू, कमीत कमी आठ अक्षरं लागतात. "आठ?" वन्सं उठूनच उभ्या राहिल्या. "माझ्याकडे तयार आहेत." झालं! एवढी वर्षं जी संख्या ऐकायला कोणी तयार नव्हतं, ती आता ऐकल्याशिवाय कोणाचं पान हलेना. अमेयनं पहिल्या खेपेला चार लिहिलेच. "लागत नाहीये, आत्या." "कसं लागेल मेल्या? एकोणपन्नास लिहिलेस. आईवर गेलास." टाळेबंदी उठल्यावर पाहुणे, शेजारी, इस्टेट एजंट, सगळ्यांना त्या दारात उभं करून संख्या शिकवायच्या. आणि ज्याला घाई नसेल त्याला मागून पुसायची गंमतही. मला कधीकधी वाटतं, नोकरीतल्या इतक्या वर्षांत जेवढी माणसं त्यांनी गणिताच्या प्रेमात पाडली, त्याहून जास्त त्या वायफायनं पाडली.

मग एका दुपारी अमेयचा एक मित्र आला, त्यानं पासवर्ड विचारला, आणि वन्सं नेहमीसारख्या उंबऱ्यात येऊन म्हणाल्या, "सात कोटी, एकोणचाळीस लाख, एकोणचाळीस हजार…" आणि थांबल्या. हसल्या. माझ्याकडे बघितलं. "पुढे काय गो?" मी पुढचं सांगितलं, सहज सांगितल्यासारखं, आणि आत येऊन गॅसपाशी उभी राहिले. गॅस चालू ठेवून विसरणं, चष्मा फ्रीजमध्ये सापडणं, हे आधी होऊन गेलं होतं. त्याला मी वय म्हणत होते. याला काही म्हणता येईना. डॉक्टरांनी तपासलं, तपासण्या झाल्या, आणि त्यांनी समजुतीच्या स्वरात सांगितलं की हे असंच जात राहील, अलीकडचं आधी जाईल, जुनं जास्त टिकेल. घरी आले आणि काय वाटलं कोण जाणे, वन्संनी म्हटलं होतं तेवढंच फळ्यावर लिहिलं : ७३९३९. तीही मूळच. बराच वेळ बघत बसले. मला माहीत आहे, यात चमत्कार नाही. पाठ केलेलं शेवटाकडूनच सुटतं, कोणाचंही. पण त्या दिवशी मला त्या पाच आकड्यांचा आधार वाटला, एवढं खरं.

अमेयचा जीव माझ्यासाठी तुटत होता. मला बीपी, गुडघे हे असे, आणि घरात एक माणूस जे भर दुपारी चपला घालून "शाळेला उशीर झाला" म्हणत फाटकाकडे निघतं. त्यानं पुण्यात एक जागा बघून ठेवली होती. चांगली होती हो, स्वच्छ, बाग होती, बायका मायाळू होत्या. त्याचा विचार असा होता की आत्याला तिथे ठेवायचं, आईनं आपल्याकडे राहायचं आणि रोज भेटायला जायचं. "आई, आता तिला घर काय आणि दुसरं काय, सारखंच आहे गं," तो फोनवर म्हणाला. वाक्य त्याला बोलताना लागलं असणार, मला ऐकताना लागलं. खरंच सारखं झालं असेल तर? मग मी कोणासाठी हट्ट धरून बसले होते? 'तू ये, बघ, मग ठरवू,' एवढंच मी म्हटलं.

तो आला. वन्संनी त्याला ओळखलं नाही. 'बसा' म्हणाल्या, अहो-जाहो करून. मी तोंड फिरवलं. अमेय बसला त्यांच्यासमोर, आणि कशाला कोण जाणे, मोबाइल बाहेर काढून म्हणाला, "आत्या, वायफायचा पासवर्ड काय?" त्याचा मोबाइल कधीचाच जोडलेला होता. वन्संनी चष्मा नीट केला. खुर्चीत ताठ बसल्या. "सातशे एकोणचाळीस," म्हणाल्या आणि थांबल्या. अमेय उठला, फळा काढून आणला, त्यांच्या मांडीसमोर धरला आणि ७३९ लिहिलं. अगदी बरोबर लिहिलं, चार नव्हे तीन. "ही मूळ आहे?" त्यानं विचारलं. त्या बघत राहिल्या. त्यानं खडू घेऊन भागाकार मांडला. सातानं. त्याचा हात हिशेबाला लागायच्या आधीच वन्संनी मान हलवली, "नाय जात." अकरानं. "नाय." तेरानं. "चल, पुढे." सतरा, एकोणीस. मी दाराला धरून उभी. "तेवीस?" अमेयनं विचारलं. आता त्याचा आवाज नीट नव्हता. वन्संनी डोळे मिटले, ओठ हलले, आणि म्हणाल्या, "तीन उरले. नाय जात. आता पुरे, पुढे बघायला लागत नाय." मग त्याच्या गालाकडे बघून, पूर्वीच्याच हेलात, "रडतोस कशाला रे? मूळ आहे ती."

अमेयनं पुण्याच्या जागेचं नाव पुन्हा काढलं नाही. दिवसा मदतीला एक बाई ठेवल्या, फाटकाला आतून कडी बसवली, आणि दर पंधरवड्याला तो स्वतः यायला लागला. तो आला की दोघांचा फळा चालायचा. पुढे सातशे एकोणचाळीसचे त्र्याहत्तर झाले. माझं नाव गेलं, ह्यांचं गेलं, आमटीतल्या गुळाची तक्रारसुद्धा गेली, आणि ती गेली तेव्हा मला किती एकटं वाटलं म्हणून सांगू! पण फळा समोर धरला की चष्मा अजून नीट व्हायचा. गणपती झाले आणि त्या अंथरुणाला लागल्या. जायच्या आदल्या दिवशी मी त्यांची वेणी घालत होते. केस विरळ झालेले, वेणी कसली, शेपटी. मी सहज म्हटलं, "वन्सं, पासवर्ड काय हो आपला?" त्यांनी माझा हात धरला. "सात," म्हणाल्या. स्पष्ट, वर्गात सांगावं तसं. त्यानंतर त्यांचा शब्द मला ऐकायला मिळाला नाही. मी खूप विचार केला त्या सातचा. त्यांच्या संख्येतून सगळं पुसून उरलेला तो सात. आणि माझ्या त्या चुकीच्या संख्येला चहूकडून भाग जाणाराही सातच. तेवढं आमच्या दोघींत सारखं होतं. याहून मोठी इस्टेट मला नको.

आता परवाची गोष्ट. परतीच्या पावसात वीज कडाडली आणि वायफायचा डबा जळाला. मिरजोळ्याहून एक तरुण माणूस नवा घेऊन आला. वायरी जोडल्या, आणि म्हणाला, "काकू, पासवर्ड काय ठेवू? घरातल्या कोणाचं तरी नाव ठेवा सोपं." मी उंबऱ्यात उभी होते. माझ्या नकळत मी चष्मा नीट केला. "लिहून घ्या," म्हटलं, "सात कोटी, एकोणचाळीस लाख, एकोणचाळीस हजार, एकशे तेहतीस." आवाज फुटला, चांगला खणखणीत फुटला. तो म्हणाला, "एकोणचाळीस म्हणजे फोर नाइन ना?"

मी हसले. इतक्या दिवसांनी अशी हसले की मदतीच्या बाई आतून बघायला आल्या. "नाही हो," मी म्हटलं, "थ्री नाइन. चाळीसला एक कमी." आणि ते 'एक कमी' म्हणताना मान आपोआप आत वळली. माजघराची खिडकी समोर होती, तिथली खुर्ची रिकामी होती. पण संख्या अर्धी सोडायची नसते, म्हणून मी ती सबंध सांगितली, आणि त्यानं बरोबर लिहिली. डब्यावरचा हिरवा दिवा लागला. हत्यारं पिशवीत भरता भरता तो म्हणाला, "एवढी मोठी कशाला ठेवता काकू? वय झालं की विसरायला होतं. विसराल."

"विसरले तरी चालेल हो," मी म्हटलं. "मागून विसरत यायचं. पुढचा सात तेवढा सोडायचा नाही."